लाईन आली की मशीन आपोआप चालू होते, तो फायदा नाही भाऊ

दिग्रसवाले भाऊ, तुम्ही विचारलं की टेबल सॉवर (टेबलातून वर आलेल्या गोल ब्लेडवर लाकूड चिरायची मशीन) हातमोजे कोणते घालावे आणि पट्टी चिरताना मागे फेकली जाते त्याला उपाय काय. त्याचं सांगतोच. पण माझं लक्ष अडकलं ते तुमच्या मधल्या एका ओळीत, की मशीन सेकंडहँड आहे पण बरी आहे, लाईन गेली की बंद पडते आणि आली की आपोआप चालू होते, उठून बटण दाबावं लागत नाही. ते वाचलं आणि माझं डाव्या हाताचं बोट ठणकलं, म्हणजे जेवढं उरलं आहे तेवढं.

गॉगल, ढिल्या बाह्या, गळ्यातला दुपट्टा, चालू मशीनवर खर्रा घोटणे, हे काही मी सांगत बसत नाही, ते सगळ्यांना माहीत असते. मी इलेक्ट्रिशियन नाही हेही आधीच सांगून ठेवतो, वाढई म्हणजे सुतार आहे, त्यामुळे वायरिंगचं खाली जे लिहिलं ते तुमच्या वायरमनला दाखवूनच करा.

आमचं दुकान पुलगावच्या अलीकडे, गावातच. २०१४ ला टेबल सॉ घेतला, तीन एचपी, थ्री फेज, बारा इंची ब्लेड. मशीनमध्येच एवढे पैसे गेले की स्टार्टरचे वाचवावे म्हणून वावरातल्या विहिरीवरचा जुना स्टार्टर काढून आणला. त्या स्टार्टरला ऑटो होता. ज्यांना शेती नाही त्यांच्यासाठी सांगतो, शेतीच्या फिडरवर तेव्हा लाईन एक आठवडा दिवसा ८ तास तर दुसरा आठवडा रात्री १० तास असायची, त्यातही यायची-जायची, मग रात्री दोनला बॅटरी घेऊन साप-विंचवातून विहिरीवर कोण जाईल, म्हणून लोक स्टार्टरला ऑटोची डबी लावतात. तिन्ही फेज आले की ती थोडा वेळ थांबते आणि तुमच्या वतीने हिरवं बटण दाबते. विहिरीवर देवमाणूस आहे तो ऑटो. वायरमनने जोडताना मला विचारलं होतं, "भाऊ, हा ऑटो ठेवू का काढू?" मी म्हटलं राहू दे, कामाचा आहे. माझी सगळ्यात महाग चूक म्हणजे हे एवढं वाक्य.

दोन वर्षं काही झालं नाही, उलट मी तुमच्यासारखाच खूष होतो. २०१६ च्या मे महिन्यात लग्नसराईच्या घाईत चौकटीचं काम चालू होतं, बल्लारशाच्या डेपोचं सागवान, पाच बाय तीन इंचाचा नग अर्धा चिरून झाला आणि लाईन गेली. ब्लेड लाकडातच अटकून थांबलं. लाकूड मागे ओढून बाजूला ठेवलं, तर ब्लेड आणि टेबलच्या फटीत एक ढलपी उभी फसलेली. पोट्टा म्हणाला, "मामा, लाईन गेली, च्या सांगून येऊ का?" म्हटलं जा. आणि मी आरामात, अगदी आरामात, कारण माझ्या डोक्यात लाईन गेली म्हणजे मशीन बंद, डाव्या हाताने ती ढलपी काढायला गेलो.

मागे भिंतीवर स्टार्टरमधून खट् असा आवाज आला.

तो आवाज मी वीस वर्षं ऐकत आलेलो. रात्री विहिरीवर खाटेवर पडलं की खट् झालं म्हणजे पाणी आलं, आता झोपा. त्या क्षणीही पहिल्यांदा बरंच वाटलं मला, लाईन आली म्हणून. हात काढायचं सुचलं ते त्यानंतर, तोवर पहिलं बोट वरच्या पेरापासून गेलं होतं आणि मधल्याचं नख. दुखलं नाही, नुसता धक्का बसल्यासारखं झालं. तुकडा भुशात सापडलाच नाही, आणि सापडून तरी काय, तीन मिलिमीटरचं ब्लेड ते, कापते कमी आणि चुरा जास्त करते. (कोणावर वेळ आलीच आणि तुकडा मिळाला तर ओल्या स्वच्छ फडक्यात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बांधा आणि ती पिशवी बर्फात ठेवा, तुकडा डायरेक्ट बर्फात टाकू नका, आणि दवाखान्यात पळा.)

तर भाऊ, पहिलं काम, आजच मशीनचं मेन पाडा आणि स्टार्टर कोणता आहे ते पाहा. साध्या डीओएल (मोटर सरळ लाईनला जोडणाऱ्या) स्टार्टरमध्ये नो-व्होल्ट कॉइल असते, लाईन गेली की ती सुटते आणि पुन्हा हिरवं बटण दाबल्याशिवाय धरत नाही. म्हणजे कंपनीने सुरक्षा दिलेलीच असते, आपणच ऑटो लावून तिला मारतो. सिंगल फेजची मशीन घरगुती बोर्डाच्या खटक्यावर चालवत असाल तर तोही धोकाच, खटका खालीच राहतो, लाईन आली की मशीन सुरू. त्याच्या जागी नो-व्होल्ट रिलीजवाला स्विच बसवा. तपासायचं असं, मेन बंद करून बेल्ट काढून ठेवा, मग मोटर चालू करा, मेन पाडा, मोटर थांबू द्या, मेन पुन्हा उचला आणि पाच-दहा मिनिटं नुसते बसून राहा, ऑटोचा टायमर उशिराचा असू शकतो. मोटर स्वतःहून फिरली तर त्या मशीनवर काम करू नका. आणि नाही फिरली तरी ब्लेडजवळ हात न्यायचा तर मेन पाडूनच.

विहिरीचा स्टार्टर असेल तर अजून एक भानगड, ओव्हरलोड रिले (मोटरवर जास्त भार आला की तिला बंद करणारा) पाच एचपीवर म्हणजे साडेसात अँपिअरच्या आसपास लावलेला राहतो, तीन एचपीला पाचच्या आसपास लागतात. लाकूड अटकलं की रिले गप्प बसतो आणि मोटर जळते. हा अनुभवही घेऊन झाला आहे. आणि गावातली डीपी दुरुस्त झाली की पहिल्यांदा मशीन लाकडाशिवाय टिचकी मारून पाहा, फेज उलटे जोडले असतील तर ब्लेड उलटं फिरते आणि नट ढिला पडू शकतो.

आता तुमचे प्रश्न. हातमोजे नको. कोणतेच नको. दातात धागा अडकला की बोटासोबत अख्खा हात आत ओढते. पट्टी मागे का फेकली जाते, तर ब्लेडचे मागचे दात खालून वर येतात, चिरलेलं लाकूड मागे मिटलं किंवा गाईडमध्ये (लाकूड ज्याला टेकवून सरकवतो ती पट्टी) दाबलं गेलं की ते दात लाकूड उचलून तुमच्या अंगावर फेकतात. बारा इंची ब्लेड २८०० आरपीएमला फिरत असेल तर दाताचा वेग ताशी १६० किलोमीटर निघतो, हिशोब करून पाहा. ब्लेडच्या मागे ब्लेडच्या पत्र्यापेक्षा किंचित जाड पण दातांनी पाडलेल्या चिरेपेक्षा बारीक असं पातं असायला पाहिजे, रायव्हिंग नाइफ, ते मिटू देत नाही. जुन्या मशीनला ते बहुतेक काढून फेकलेलं असते, करून घ्या. गाईड ब्लेडला समांतर ठेवा, मागच्या बाजूला आवळलेलं नको. बारीक पट्टी ढकलायला लाकडाची ढकलकाठी, आणि उभं राहायचं ब्लेडच्या रेषेपासून बाजूला. ताण असलेलं सागवान चिरताना कसं मिटते ते तुम्ही पाहिलंच असेल.

विम्याचे पैसे मिळतात का, हेही एकाने खाली विचारलं आहे. नाव घेत नाही, एका ऑफिसात मी चार चकरा मारल्या, दर वेळी नवीन कागद. चौथ्या वेळी सायेब म्हणाले, "बोट म्हणजे काही हात नाही ना भाऊ, हात गेला असता तर पाहिलं असतं." मी पट्टी बांधलेला हात खिशात घातला आणि बाहेर येऊन ऊसाचा रस पिलो, काय करता. पॉलिसी घेतानाच विचारा की बोटाला काय देता, पेरानुसार तक्ता असतो काहींमध्ये.

तो ऑटो मी फेकला नाही, परत विहिरीवर लावला आहे, मस्त चालते. तुमच्या स्टार्टरचा फोटो टाका इथे, मेन पाडून, झाकण उघडून. बाजूला छोटी डबी आणि त्यातून कॉइलकडे दोन-तीन बारीक वायरी जात असतील तर ते काय आहे तुम्हाला कळलंच असेल.