चौघींमधली चौथी

प्रिय लेखिकाबाई,

(हसू नकोस. पहिली कादंबरी पुरी केलीस, आता झालीसच बाई.)

बाड दोनदा वाचलं. एकदा रात्री दीडपर्यंत, एका बैठकीत. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन. अकरावीतल्या चार मैत्रिणी. त्यातल्या एकीचा चेहरा दुसऱ्याच उघड्या अंगाला चिकटवून तो फोटो गावभर फिरवणारा वर्गातला पोरगा. आणि त्याचाही तसाच फोटो फिरवून उट्टं काढायचा बेत. वाचताना कुठे अडखळले नाही. पेन्सिल मात्र बरीच झिजली.

आधी बोलणं. तुझ्या मुली एकमेकींना "आपण प्रतिशोध घेऊ" म्हणतात. तालुक्याच्या गावात, क्लासच्या जिन्यात, स्कूटीची किल्ली बोटावर फिरवत कोण असं बोलतं गं? 'सूड'सुद्धा त्यांच्या तोंडी नाटकी वाटतो. त्या म्हणतील, "याची जिरवायची." जिरवण्यात समोरच्याची मस्ती उतरवायची असते. वचपा काढणारी हिशेब ठेवते. खुन्नस नुसत्या नजरेतही असते, आणि डूख धरणारी वर्षभर चकार शब्द काढत नाही. हे शब्द तिघींत वाटून दे, तिघी आपोआप वेगळ्या दिसायला लागतील. जिचा फोटो फिरला तिला मात्र यातला एकही देऊ नकोस. तिला फक्त तो फोटो सगळ्यांच्या फोनमधून पुसून हवाय.

आता कायदा. कंटाळू नकोस, गोष्टीची कळ इथेच आहे. मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांसाठीच्या 2012च्या पॉक्सो कायद्याच्या लेखी 'बालक' म्हणजे 18 वर्षांखालची कुणीही व्यक्ती, मुलगी असो की मुलगा. तुझा पोरगा 17 वर्षांचा आहे. म्हणजे त्याचा उघडा फोटो ज्या क्षणी ग्रुपवर पडेल, त्या क्षणी तो ज्या कायद्याखाली अडकणार त्याच कायद्याखाली तुझ्या मुलीही येतील. तू हे वकीलकाकांच्या तोंडून एका परिच्छेदात उरकलंस, तेही सगळं होऊन गेल्यावर. चौघींपैकी एकीला आधी कळू दे. कळूनही ती गप्प बसली तर? तुझे प्राचार्यही मला कागदी वाटले. कॉलेजचं नाव जाईल म्हणून ते प्रकरण दाबतात, ठीक. पण असा गुन्हा माहीत असून पोलिसांना न कळवणं हाही याच कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या दिवशी दाबलं, आता उघड करायची सोय उरली नाही. असा घाबरलेला माणूस लिही, खडूस नको.

नागपूरच्या कस्तुरबानगरवरून तुला हे सुचलं म्हणालीस. 13 ऑगस्ट 2004ला वस्तीतल्या बायकांनी गुंड अक्कू यादवला भर न्यायालयात मारलं आणि पोलिसांना सांगितलं, धरायचं तर आम्हा सगळ्यांना धरा. खटल्याचा निकाल 2014मध्ये लागला, आरोपी निर्दोष सुटले. पुरावाच पुरा पडला नाही. त्या मोठ्या बायका होत्या, वर्षानुवर्षं त्याची दहशत सोसलेल्या, पोलिसांकडे जाऊन थकलेल्या. तुझ्या मुलींना तो 'आम्ही सगळ्या' मिळणार नाही. फोटो कुणाच्या फोनवरून, किती वाजून किती मिनिटांनी गेला, हे फोन सांगतो. चौघींनी शपथ घेतली तरी बटण एकीच्याच अंगठ्याखाली असणार. तो अंगठा कुणाचा, हे तू ठरवलेलंच नाहीस. "त्यांनी पाठवला," एवढंच लिहिलंयस.

मला विचारशील तर चौथीचा. पोळीभाजी केंद्रवाल्या बाईंची मुलगी. सातव्या प्रकरणात ती पोळीचा तुकडा मोडता मोडता म्हणते, "मला नाही यायचं." बाकीच्या हसतात आणि तू पुढच्या ओळीला स्कूटी सुरू करतेस! अगं, थांब ना तिथे. तिसऱ्या प्रकरणात तूच लिहून गेलीयस की त्या पोराच्या आजीआजोबांना रोज दोन डबे हिच्या घरून जातात आणि ते पोचवायला हीच जाते. तुझ्या लक्षात तरी आहे का? बाकी तिघींचं त्या घरात काहीच अडकलेलं नाही. ही मात्र दुसऱ्या दिवशी साडेबाराला त्याच दारात उभी राहणार, कालचे रिकामे डबे परत मागणार. आजी विचारणार, "आज चेहरा का उतरलाय गं?" ती नाही म्हणाली ते भित्री म्हणून नाही. आणि तरीही मैत्रिणी तुटतील या धास्तीने बटण तिनेच दाबलं, तर मग मी तुझं बाड तिसऱ्यांदा वाचेन.

शेवटचं कोर्टातलं भाषण काढून टाक. सोळा वर्षांची मुलगी दीड पान न अडखळता बोलत नाही. मी पन्नाशीतही बोलत नाही.

सध्या दिवाळी अंकाची प्रुफं डोक्यावर आहेत, तेव्हा 20 तारखेनंतर पाठव. सगळं बाड नको, फक्त डब्याचं प्रकरण. आणि डब्यात त्या दिवशी भाजी कोणती होती, तेही लिही.

तुझी,
मावशी