गुरुजी, रात्री दहाचा तो फोन आधी बंद करा

प्रश्न : मी निवृत्त जि.प. शिक्षक, अहमदपूर तालुका. मुलीचं एमएस ईएनटीचं (कान-नाक-घसा) पहिलं वर्ष मराठवाड्यातल्याच एका सरकारी मेडिकल कॉलेजात संपलं. वर्षभरात तिनं स्वतः एक बी मोठं ऑपरेशन केलं नाही, नुसतं कान साफ करायली. माझ्या साडूचा मुलगा जनरल सर्जरीला आहे, त्यानं अपेंडिक्स काढले. वर्ष वाया गेलं असं वाटायलंय. सीट सोडून पुन्हा नीट पीजी देऊन रेडिओलॉजी घ्यावी का? मी रोज रात्री दहाला फोन करून आज काय केलं विचारतो, ती हो-हो करून ठेवून देते. माझा डावा कान लहानपणापासून वाहतो, त्यामुळं फोनवर मला पण नीट कळत नाही.

नमस्कार गुरुजी,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. साडूचा मुलगा आहे, रेडिओलॉजी आहे, तुमचा कान आहे, पण लेकीला काय वाटतं त्याबद्दल अख्ख्या पत्रात एक ओळ नाही. ती हो-हो करून फोन ठेवते एवढंच, आणि मला काळजी वाटली ती तिथंच.

पहिल्या वर्षाचा रेसिडेंट म्हणजे काय असतं ते सांगतो. सकाळी सिनियर यायच्या आत वॉर्डातल्या सगळ्या पेशंटची ड्रेसिंग, मग ओपीडी, दुपारी लेक्चर नाहीतर थिसीसचं काम, संध्याकाळी परत राऊंड आणि ड्युटी असली की रात्रभर कॉल. तुमचा दहाचा फोन येतो तेव्हा ती कदाचित एखाद्या ट्रॅकिऑस्टॉमीच्या, म्हणजे श्वासासाठी गळ्यात भोक पाडून नळी बसवलेल्या पेशंटची नळी सक्शननं साफ करत असेल, ती नळी चोंदली तर माणूस गुदमरतो, आणि इकडून बाप विचारतोय आज ऑपरेशन केलंस का. तुम्ही रागानं विचारत नसाल, पण रोज विचारलं की त्याची हजेरी होते गुरुजी, आणि हजेरी काय असते ते तुम्हाला मी सांगायला नको.

आता तुमचा खरा गैरसमज. स्वतः ऑपरेशन केलं नाही म्हणजे वर्ष वाया, असं कानाच्या बाबतीत चालत नाही. कानामागच्या हाडात अगदी थोड्या जागेत ऐकण्याची हाडं, तोल सांभाळणारा भाग आणि चेहरा हलवणारी नस असं सगळं दाटीवाटीनं बसलेलं असतं, आणि वरच्या बाजूला पातळ हाडापलीकडं मेंदू. त्यातलं रिकिबीसारखं हाड म्हणजे शरीरातलं सगळ्यात लहान हाड, साधारण 3 मिलिमीटरचं. म्हणून पोरं आधी देहदानातून मिळालेल्या हाडावर हात बसवतात. मी एका कॉलेजात हे जवळून बघितलंय, हाड पकडीत घट्ट बसवलेलं, वरून पाणी सोडलेलं, मायक्रोस्कोपला डोळा लावून पोरगी ड्रिल चालवतेय आणि पांढरा चिखल बाजूला वाहतोय. हाड घासत घासत इतकं पातळ करायचं की आतली नस पांढरट रेघेसारखी दिसली पाहिजे, पण उघडी पडता कामा नये. तास-दोन तास मान मोडून बसायचं आणि शेवटी सर म्हणतात, अजून जरा पातळ पाहिजे. खऱ्या पेशंटवर हे चुकलं तर त्याचं तोंड जन्मभर वाकडं राहू शकतं, म्हणून पहिल्या वर्षी ड्रिल हातात देत नाहीत आणि देऊ पण नये. अपेंडिक्सशी तुलनाच नको, शाखा वेगळी, हात बसायचा वेळ वेगळा.

आणि ते "नुसतं कान साफ करायली" म्हणता ना, मळ काढल्याशिवाय पडदा दिसत नाही, आणि हजार पडदे बघितल्याशिवाय बिघडलेला ओळखू येत नाही. नाकाचा घोळणा फुटलेल्या माणसाचं नाक पॅक करणं, लेकराच्या नाकात अडकलेला हरभरा मागं न ढकलता बाहेर काढणं, हे तिला आता जमत असणार. हीच एका वर्षाची प्रगती. तिच्याकडं लॉगबुक असतं, त्यात सगळं लिहिलेलं असतं, पण ते साडूला दाखवायला मागू नका.

ही शाखा छोटी वाटत असेल तर 2021 आठवा. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिसचे, म्हणजे काळ्या बुरशीचे पेशंट आले तेव्हा नाकातून दुर्बीण घालून सडलेला भाग काढायला हेच डॉक्टर उभे होते. आणि तुम्ही तर शिक्षक, तुमच्या वर्गात शेवटच्या बाकावर एखादं पोरगं असेलच ज्याला सगळे मठ्ठ म्हणायचे आणि खरं म्हणजे त्याला ऐकूच येत नव्हतं. आता जन्मल्यापासून 1 महिन्यात तपासणी, 3 महिन्यांत निदान आणि 6 महिन्यांत उपचार सुरू, असं उद्दिष्ट मानतात, कारण मेंदूला भाषा पकडायला पहिली काही वर्षंच मिळतात. कॉक्लिअर इम्प्लांटपर्यंत, म्हणजे ऐकू येण्यासाठी ऑपरेशन करून कानात यंत्र बसवण्यापर्यंत जायचं असलं तरी उशीर परवडत नाही. खेड्यापाड्यातलं लेकरू तिथवर वेळेत पोचायचं तर तालुक्या-जिल्ह्यात कानाचा चांगला डॉक्टर पाहिजे.

सीट सोडायचं म्हणाल तर माझं स्पष्ट मत, नको. मध्येच सोडली की दंड बसू शकतो, पुढच्या प्रवेशावर पण बंधनं येऊ शकतात. रेडिओलॉजी चांगलीच आहे, पण ती तिनं मागितली तर. दोन वर्षं राहिलीत, नंतर फेलोशिप, एमसीएच हेड अँड नेक (डोकं-मान सर्जरीची पुढची पदवी), किंवा सिनियर रेसिडेंट होऊन शिकवायला लागणं, सगळे रस्ते मोकळे आहेत. पण ती खरंच खचली असेल, झोप-जेवण उडालं असेल, कुणी तिथं त्रास देत असेल, तर माझं वरचं सगळं बाजूला ठेवा आणि तिचं ऐका. त्यासाठी फोन नको, समोर बसावं लागतं.

म्हणून एक करा. तिच्या युनिटची ओपीडी कोणत्या वारी असते ते विचारा आणि त्या दिवशी एसटीनं जा, बाप म्हणून नाही, पेशंट म्हणून. केसपेपर काढा, रांगेत बसा, ती काय करते ते डोळ्यांनी बघा. लहानपणापासून वाहणारा कान अंगावर काढायचा नसतो, वास येत असेल तर आत हाड कुरतडणारा आजार असू शकतो आणि तो चेहऱ्याच्या नसेपर्यंत, मेंदूपर्यंत जातो. लेक कानाच्या विभागात वर्षभर आहे आणि तुम्ही तिला अजून कान दाखवला नाही, मला तर वाचून कसंतरीच झालं. ती बघेल, तिच्या सरांना दाखवेल, ऐकण्याची तपासणी करून घेईल. घरी असतील तर जुने कागद सोबत न्या. आणि वाहत्या कानात तेल टाकूच नका, जायच्या आधी तर नकोच, आतलं काही दिसत नाही मग.