आधी परीक्षा की आधी एम.एस्सी.?

तुम्ही विचारलंय की बी.व्ही.एस्सी. (पशुवैद्यकाची पदवी) झालंय, तीन वर्षं दवाखाना सांभाळलाय, आता जनावरांच्या साथरोगांच्या कामासाठी ब्रिटनला यायचंय. तर आधी नोंदणीची परीक्षा द्यावी की थेट साथरोगशास्त्राच्या एम.एस्सी.ला प्रवेश घ्यावा?

मी थेट एम.एस्सी. केलं आणि परीक्षा ‘नंतर बघू’ म्हणून ढकलली. ते मला महागात पडलं. रॉयल कॉलेज ऑफ व्हेटरनरी सर्जन्स ही इथली पशुवैद्यकांची नोंदणी करणारी संस्था, ही परीक्षाही तिचीच. तिचं सदस्यत्व नसेल तर इथे पशुवैद्यक म्हणून काम करता येत नाही. विद्यापीठात आकडेमोडीच्या जागा मिळतात, पण साथ आली की शेतावर जाऊन जनावर तपासणारा पशुवैद्यक नोंदणीकृतच लागतो. आणि परीक्षेत फक्त गाई-म्हशी नसतात, कुत्री, मांजरं, घोडे सगळेच येतात. हात चालू असताना अभ्यास लवकर होतो. चार वर्षं संगणकासमोर बसल्यावर घोड्याचा लंगडेपणा वाचताना मला घाम फुटायचा. म्हणून माझं मत, परीक्षा आधी. इंग्रजीची परीक्षा त्याच्याही आधी.

आता कामाबद्दल. इथे औषधापेक्षा तारखांशी जास्त संबंध येतो. लाळ्या-खुरकुताची शंका असलेल्या गोठ्यात गेलं की सगळ्यात जुना फोड शोधायचा. फुटलेल्या फोडाच्या कडा अजून धारदार, खालचं मांस लालभडक, म्हणजे एक-दोन दिवसांचा. कडा बोथट होऊन भरत आल्या असतील तर त्याहून जुना. लागण झाल्यापासून फोड यायला २ ते १४ दिवस लागतात, म्हणून तिथून मागे तेवढे दिवस मोजायचे आणि त्या दिवसांत गोठ्यात कोण आलं, कोणतं जनावर विकत घेतलं, दुधाची गाडी कधी आली, ते विचारायचं. मग पुढे: इथून काय कुठे गेलं? इथल्या २००१ च्या साथीत रोग पहिल्यांदा एसेक्समधल्या कत्तलखान्यात डुकरांत दिसला, तोवर बाजारांतून गेलेल्या मेंढ्यांमार्फत तो किमान ५७ ठिकाणी पोचला होता. पुढे ६० लाखांहून जास्त जनावरं मारावी लागली.

शेतकऱ्याला बोलतं करणं कुठल्याच अभ्यासक्रमात नीट शिकवत नाहीत. दवाखान्यातली तुमची तीन वर्षं इथे उपयोगी पडतील, ती अर्जात एका ओळीत उरकू नका.

गणिताला घाबरत असाल तर हे एक उदाहरण सोडवून बघा. हजार गाई, त्यातल्या १० आजारी. चाचणी १०० आजारी गाईंपैकी ९० बरोबर ओळखते आणि १०० निरोगी गाईंपैकी ९५ निरोगी दाखवते. पॉझिटिव्ह किती? सुमारे ५९, आणि त्यातल्या खरंच आजारी फक्त ९. हे स्वतः मांडून, ज्याच्या निरोगी गाईवर शिक्का बसणार आहे त्याला समजावता आलं, तर निम्मा अभ्यासक्रम झालाच म्हणा. बाकी आकडेवारीचं विश्लेषण करणारी आर (R) ही संगणक प्रणाली फुकट आहे, आजच उतरवून घ्या.

एम.एस्सी. निवडताना नावापेक्षा प्रबंधाचा विषय बघा. खऱ्या साथीचा डेटा हाताळायला मिळणार का, हे प्रवेशाआधीच मार्गदर्शकांना ईमेल करून विचारा. लोक उत्तर देतात.

अमेरिकेचंही विचारलं होतंत. तिथे केंद्र सरकारच्या नोकऱ्यांना बहुतेक वेळा नागरिकत्व लागतं, तेव्हा रोग नियंत्रणातच जायचं असेल तर तो रस्ता लांबचा. तुमच्या पदवीची कागदपत्रं मात्र आत्ताच मागवून ठेवा. माझ्या प्रमाणपत्रावर आडनावाचं एक अक्षर चुकलं होतं आणि ते दुरुस्त होईपर्यंत एक अख्खी परीक्षा हुकली.