मामा तलावावरून समुद्राकडे

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. आपल्या भंडारा जिल्ह्यात समुद्र नाही, शिडाची नौका तू अजून डोळ्यांनी पाहिलेली नाहीस, तरीही आशियाई क्रीडा स्पर्धेतील नौकाशर्यतीचा विचार करणे हा वेडेपणा आहे का, असे तू विचारले आहेस. नौदलातल्या नोकरीमुळे शीड हाताळणे मी मुंबईत, तेही विशीनंतर शिकलो. त्यामुळे उत्तर देण्याचा थोडाफार अधिकार मला आहे असे समजतो.

समुद्र नसणे ही अडचण खरीच, पण तिच्यापायी वाट बंद होत नाही. २०२२ ची म्हणून ओळखली जाणारी चीनमधल्या हांगझोऊची स्पर्धा २०२३ मध्ये झाली. तिच्या नौकाशर्यती निंगबोजवळच्या शियांगशान येथे समुद्रात झाल्या आणि त्यांत मुलींच्या आयएलसीए ४ या, म्हणजे एकटीने चालवायच्या छोट्या शिडाच्या नौकेच्या प्रकारात रौप्यपदक मिळवणारी नेहा ठाकूर ही मध्य प्रदेशातील देवास जिल्ह्यातल्या शेतकऱ्याची मुलगी होती. ती शिकली भोपाळच्या मोठ्या तलावावर. त्याआधी २०१८ मध्ये जकार्ताच्या स्पर्धेत हर्षिता तोमरने लेझर ४.७ मध्ये, म्हणजे याच नौकेच्या जुन्या नावाच्या प्रकारात, मुलगे आणि मुली एकत्र उतरलेल्या शर्यतींत कांस्यपदक घेतले. तीही भोपाळमध्येच तयार झालेली.

आता गुणांची पद्धत नीट समजून घे, कारण या खेळाचा सगळा स्वभाव तिच्यात आहे. पहिला आला की १ गुण, दुसरा आला की २, याप्रमाणे अनेक शर्यतींचे गुण मिळवतात, त्यांतली सर्वांत वाईट शर्यत वगळतात आणि ज्याची बेरीज सर्वांत कमी तो विजेता ठरतो. नेहाच्या ११ शर्यतींची बेरीज ३२ होती. त्यातून वगळलेल्या शर्यतीचे गुण ५ होते, म्हणून उरले २७. याचा अर्थ असा की साऱ्या मालिकेत ती एकदाही पाचव्या क्रमांकाच्या खाली गेली नाही. सुवर्ण मिळवणारी थायलंडची मुलगी १६ गुणांवर, म्हणजे पुष्कळच पुढे होती. पण कांस्य मिळवणारी सिंगापूरची मुलगी २८ वर थांबली. त्याच पाण्यावर पुरुषांच्या आयएलसीए ७, म्हणजे तशाच पण मोठ्या शिडाच्या नौकेच्या प्रकारात, आपल्या विष्णू सरवणनला ३४ गुणांवर कांस्य मिळाले आणि रौप्य ३३ वर गेले. एक गुण म्हणजे अनेक दिवसांत केव्हातरी एखाद्या बोयाला, म्हणजे मार्ग दाखवणाऱ्या तरंगत्या खुणेला, वळसा घालताना पुढे निघून गेलेली एक नौका. म्हणून सातव्या क्रमांकावर असताना सहाव्यासाठी झटण्याचा कंटाळा ज्याला येतो, त्याने दुसरा खेळ पाहावा असे माझे स्पष्ट मत आहे.

माझाच एक प्रसंग सांगतो. एका स्पर्धेत आम्ही चोवीस नौका होतो. सुटण्याच्या संकेताला दोन-तीन सेकंद असताना माझ्या नौकेचे नाक सुरुवातीच्या रेषेपलीकडे गेले. मागे एक भोंगा वाजला आणि कोणीतरी आधीच सुटले हे सांगणारे, पांढऱ्यावर अधिकच्या चिन्हासारखी निळी फुली असलेले निशाण चढले. ते मी पाहिले, पण ते दुसऱ्या कोणासाठी असणार अशी स्वतःची समजूत घातली. मागे फिरून पुन्हा रेषा ओलांडली असती तर पंधरा-वीस सेकंद गेले असते. मी फिरलो नाही, सर्वांच्या आधी शर्यत संपवली आणि संध्याकाळी फलकावर माझ्या नावापुढे २५ गुण लिहिलेले वाचले. अशा नौकेला एकूण नौकांपेक्षा एक अधिक गुण देतात. शंका आली की फिरायचे, हे मी त्या दिवशी शिकलो, आणि फार महाग शिकलो.

वाऱ्याच्या बाबतीत मात्र तू समजतेस तितकी मागे नाहीस. नौका वाऱ्याच्या थेट तोंडावर जाऊ शकत नाही. तिला सुमारे ४५ अंश बाजूला राहून नागमोडी चढावे लागते. अशा वेळी वारा दहा अंश जरी कलला तरी एका बाजूने जाणारी नौका बोयाच्या जवळ येते आणि दुसऱ्या बाजूची लांब फेकली जाते. टेकड्या आणि झाडी यांच्यामुळे आपल्या तलावांवरचा वारा सारखा कलत असतो, आणि त्यावर वाढलेल्या नजरेला हा बदल लवकर उमगतो. खळ्यावर धान उपणताना तुझी आजी सूप वर धरून क्षणभर थांबते, गालावर झुळूक आली की मगच धान सोडते. ती नेमके हेच करत असते. झुळूक येण्याआधी पाण्यावर काळसर झाक सरकत येते, तीही तुला डोंगा चालवताना दिसली असेलच. लाटा, भरती-ओहोटी आणि प्रवाह मात्र आपला मामा (माजी मालगुजारी) तलाव शिकवणार नाही. त्यासाठी पुढे समुद्रावरच जावे लागेल आणि पहिले काही महिने तुला उलट्या होतील.

शरीराची तयारी घरीही करता येते. वाऱ्याने कललेली नौका सरळ ठेवण्यासाठी पाय पट्ट्यात अडकवून धड पाण्यावर बाहेर झोकावे लागते, आणि मांड्या अशा पेटतात की पायऱ्या उतरवत नाहीत. बाजेला आडवा दोर बांध, त्यात पाय अडकवून काठावर बस आणि मागे रेल. दोन मिनिटे टिकलीस तरी सुरुवात चांगली म्हणेन. पोहणे पक्के हवे, आणि डोंग्यात आजपर्यंत जीवरक्षक जॅकेट घातले नसशील तर यापुढे घालत जा. ढिवरांची, म्हणजे मासेमारांची पोरे हसतील, हसू दे.

एक वही कर. रोज सकाळी आणि दुपारी चार वाजता पाळीवर उभी राहून वारा कुठून आला, किती वेळा कलला आणि पाण्यावर आधी काय दिसले, ते लिहीत जा. एप्रिल-मे महिन्यांत वावधन, म्हणजे वादळी वारा सुटतो, त्या दिवशी पाण्यात उतरू नकोस, काठावरूनच पाहा. जूनमध्ये मी गावी येणार आहे, तेव्हा वही पाहीन आणि पुढचे तुझ्या आईवडिलांसमोर बसून बोलू.

तुझा,
काका