जुन्या घराचे सांडपाणी : बिडाचा पाईप काढावा की ठेवावा?

प्रश्न : साताऱ्यात आमचे १९६८ साली बांधलेले दुमजली घर आहे. भिंती विटांच्या असून स्लॅब त्यांच्यावरच टेकलेला आहे. दोन्ही मजल्यांवरील संडास आणि मोऱ्या नव्याने करावयाच्या आहेत. मागच्या भिंतीवर बिडाचे (ओतीव लोखंडाचे) दोन उभे पाईप आहेत आणि तेथून रस्त्याकडच्या चेंबरपर्यंत सुमारे चाळीस फूट लांबीची स्टोनवेअरची (भाजलेल्या, चकाकी दिलेल्या मातीच्या पाईपांची) जुनी लाइन जमिनीखालून जाते. प्लंबर म्हणतो, सगळे काढून पीव्हीसी टाका. सासरे म्हणतात, बिडाला हात लावू नका, ते नातवंडांनाही पुरेल. कोणाचे ऐकावे?

उत्तर : दोघांचेही थोडे थोडे ऐकावे लागेल, कारण तुमच्या घरात सांडपाण्याचा मार्ग एक असला तरी त्याचे तीन वेगळे भाग आहेत आणि प्रत्येक भागाला लागणारा पाईप वेगळा आहे. भिंतीवरचा उभा पाईप, मोरी-संडासाच्या फरशीखालचे आडवे तुकडे आणि जमिनीखालची लाइन यांचा निर्णय स्वतंत्रपणे घ्यावा.

प्रथम उभे पाईप तपासा. बीड आतून गंजते, गंजाचे पापुद्रे धरतात आणि चार इंचांची वाट हळूहळू अरुंद होते; परंतु खरा धोका पाईपाच्या भिंतीकडील बाजूस असतो, कारण रंगाऱ्याचा ब्रश साठ वर्षांत तेथे एकदाही पोहोचलेला नसतो. छोट्या हातोडीने पाईपावर वरपासून खालपर्यंत हलकेच ठोकत यावे. धड बीड घंटेसारखे खणखणते, तर चिरलेला किंवा कुजलेला भाग बद्द वाजतो. मग हाताचा आरसा पाईपामागे धरून गंजाचे तांबूस ओघळ दिसतात का ते पाहावे. दोन्ही परीक्षांत पाईप उतरला आणि सांध्यांतील शिसे जागेवर असले, तर सासऱ्यांचे म्हणणे खरे आहे. तो पाईप ठेवावा. नुसता सांधा झिरपत असेल तर तेवढाच सांधा पुन्हा भरून घेता येतो.

पाईप काढावाच लागला तर तो छिन्नीने फोडू देऊ नका. चार इंची, सहा फुटांचा बिडाचा तुकडा वीस किलोच्या आसपास भरतो आणि वरचा तुकडा सुटला की खालच्या माणसाला सावध होण्यास वेळ मिळत नाही. वरून सुरुवात करून, प्रत्येक तुकडा दोराने बांधून, ग्राइंडरने कापून उतरवावा. शिसे वितळवून सांधे सोडवण्याची जुनी रीत टाळावी, कारण तो धूर विषारी असतो. तुमच्या दोन पाईपांपैकी एखाद्याचा गच्चीवरचा भाग राखाडी सिमेंटसारखा दिसत असेल, तर तो ॲस्बेस्टॉस सिमेंटचा असण्याची शक्यता मोठी आहे. तो भाग कोरडा कापू नये. पाण्याने भिजवून शक्यतो अखंड काढावा आणि त्याचा भुगा झाडूने झाडू नये.

त्याच्या जागी पीव्हीसी बसवताना दुकानात केवळ ‘ड्रेनेजचा पाईप द्या’ असे म्हणून भागत नाही. सांडपाण्याच्या पीव्हीसी पाईपांसाठी आयएस (भारतीय मानक) १३५९२ हे मानक असून त्यात दोन प्रकार आहेत. ‘ए’ प्रकार पावसाच्या पाण्यासाठी आणि हवेच्या नळीसाठी आहे, तर ‘बी’ प्रकार संडास व मोरीच्या पाण्यासाठी आहे. ११० मिलिमीटरच्या पाईपाची जाडी ‘ए’ मध्ये किमान २.२ मिलिमीटर आणि ‘बी’ मध्ये ३.२ मिलिमीटर असते. भिंतीवर चढल्यावर दोन्ही सारखेच दिसतात आणि नेमका याच एका मिलिमीटरमध्ये काही कंत्राटदार आपला नफा काढतात. पाईपावर छापलेली ओळ स्वतः वाचावी. शेतीच्या पाण्याचा चार किलो दाबाचा पाईप येथे चालवून घेऊ नये.

पीव्हीसी उन्हात बरेच वाढते. तीन मीटरचा तुकडा तीस अंशांच्या फरकाने सुमारे सहा मिलिमीटर लांबतो. बिडाच्या बाबतीत ही वाढ एक मिलिमीटरच्या आसपासच राहते. म्हणून बाहेरच्या उभ्या पाईपाला रबर रिंगचे सांधे घ्यावेत आणि पाईप सॉकेटमध्ये, म्हणजे पुढच्या तुकड्याच्या रुंद तोंडात, पूर्ण टेकल्यावर सुमारे दहा मिलिमीटर मागे ओढून ठेवावा. सॉल्व्हंट (पीव्हीसी चिकटवण्याचा द्राव) लावून चिकटवलेली अखंड लाइन भर उन्हात असेल, तर ती वाढलेली लांबी कोठेतरी क्लॅम्प उखडून किंवा सांधा तडकवून बाहेर काढते. आणखी एक गोष्ट सवयीने घडते. फिटिंग कमी पडले की प्लंबर पाईपाचे टोक जाळावर तापवून, फुगवून त्याचेच सॉकेट बनवतो. त्या ठिकाणी पाईपाची जाडी घटते आणि गोलाई जाते. तसे दिसले तर तो तुकडा परत कापायला लावण्यात संकोच बाळगू नका.

फरशीखालच्या तुकड्यांना मात्र ऊन लागत नाही आणि ते कोब्यात कायमचे गाडले जातात, म्हणून तेथे ‘बी’ प्रकारचा पाईप सॉल्व्हंटने चिकटवणे योग्य. कोबा टाकण्यापूर्वी खालचे तोंड बंद करून लाइन पाण्याने काठोकाठ भरावी, पातळीवर खडूची खूण करावी आणि तासाभराने पाहावे. मोरीतील जुना नहाणी ट्रॅप (पाणी साचवून वास अडवणारे भांडे) बहुधा उथळ असतो; घरातला वास पुष्कळदा पाईपामुळे नसून त्याच्यामुळे येतो. नव्या ट्रॅपमध्ये किमान ५० मिलिमीटर पाणी साचून राहिले पाहिजे. भिंतीत आडवी झरी (खाच) मारून पाईप लपवण्याचा आग्रह धरू नका, कारण तुमच्या घराचा भार त्याच विटांवर आहे.

आता जमिनीखालची लाइन. येथे मी प्लंबरच्या बाजूचा आहे, परंतु त्याने सांगितलेल्या पाईपाच्या बाजूचा नाही. स्टोनवेअर गंजत नाही, ॲसिडलाही दाद देत नाही. त्याचे तुकडे मात्र आखूड, बहुधा दोन फुटांचे असतात. म्हणजे चाळीस फुटांत जवळजवळ वीस सांधे, आणि तेही सिमेंटचे. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, तेव्हा हे ताठर सांधे प्रथम तडकतात. मग त्या फटीतून उंबराची किंवा पिंपळाची केसासारखी मुळे आत शिरतात आणि पुढे त्यांचा शेणीएवढा बोळा होऊन बसतो. एका चेंबरमध्ये बादलीभर रंगीत पाणी ओतून पुढच्या चेंबरमध्ये ते किती वेळाने आणि किती पोहोचते ते पाहिले, तरी बराच अंदाज येतो. पाणी धड वाहत असेल तर खोदकाम करू नका.

बदलायची असेल तर भिंतीवरचा पाईप जमिनीत पुरू नये. जमिनीखालच्या सांडपाण्यासाठी आयएस १५३२८ मानकाचे पाईप मिळतात. त्यांच्यावर एसएन २, ४ किंवा ८ असा ताठपणाचा दर्जा छापलेला असतो; ज्या ठिकाणावरून गाडी जाते तेथे एसएन ८ घ्यावा. पाईप वाळूच्या थरावर टेकवावा, दगडगोट्यांवर नव्हे. उताराचा जुना हिशेब आजही उपयोगी आहे : चार इंची पाईपाला चाळीसात एक, सहा इंचीला साठात एक. तुमच्या चाळीस फुटांना चार इंची पाईप घेतला तर एक फूट उतार लागेल, सहा इंची घेतला तर आठ इंचांत भागेल. म्हणून खरेदीपूर्वी पाणी भरलेल्या लेव्हलच्या नळीने रस्त्याकडच्या चेंबरची खोली मोजून घ्या.

नवे आणि जुने जेथे भेटते तेथे सर्वाधिक फसगत होते. पीव्हीसीच्या गुळगुळीत अंगाला सिमेंट धरत नाही. स्टेनलेस स्टीलच्या पट्ट्यांचे रबरी कपलिंग मिळाल्यास तेच वापरावे. ते न मिळाल्यास पाईपाच्या टोकास सॉल्व्हंट फासून त्यावर जाड वाळू दाबावी, वाळल्यावर मगच सिमेंटचा सांधा करावा.

प्रश्न : मालवणजवळच्या आमच्या घरी बाहेरचा पीव्हीसी पाईप सात-आठ वर्षांत पांढुरका व ठिसूळ झाला आहे. त्याऐवजी बीड बसवावे काय?

उत्तर : खाऱ्या वाऱ्यात बिडाला दर दोन-तीन वर्षांनी रंग द्यावा लागेल, आणि मागची बाजू रंगवली जाणार नाही हे आपण वर पाहिलेच. पीव्हीसीच ठेवावे, मात्र ‘बी’ प्रकार घेऊन त्यास फिकट रंगाचा, पाण्यात मिसळणारा बाहेरचा रंग द्यावा, म्हणजे ऊन थेट लागणार नाही. जमिनीलगतचे तीन-चार फूट मात्र बिडाचे किंवा विटांच्या आडोशाचे असावेत. घुशी पीव्हीसी कुरतडतात, आणि अंगणात मागे घेतलेल्या मोटारसायकलचा धक्काही तेथेच बसतो.

प्रश्न : मुंबईतील आमच्या सोसायटीने बिडाचे पाईप काढून पीव्हीसी बसवल्यापासून शयनगृहात रात्री वरच्या फ्लशचा आवाज येतो. उपाय काय?

उत्तर : बिडाचे वजन हेच त्याचे आवाजावरचे औषध होते. पुन्हा खर्च करण्याची सोसायटीची तयारी असेल तर कपलिंगने जोडण्याचे हबलेस (सॉकेट नसलेले) बिडाचे पाईप किंवा आवाज दाबणारे बहुस्तरीय पॉलिप्रॉपिलीनचे पाईप घेता येतील. त्याआधी स्वस्त गोष्टी करून पाहा. पाईप भिंतीला किंवा स्लॅबच्या भोकाला कोठे घासतो ते शोधून तेथे फोम भरा, क्लॅम्पखाली रबर घाला आणि तळाशी एकच काटकोनी बेंड असेल तर त्याजागी ४५ अंशांचे दोन बेंड बसवा. पाणी तेथे आदळण्याऐवजी वळून जाते, आणि चोंदण्याची तक्रारही कमी होते.