नैवेद्याआधीची वाटी

कोल्हापूर, आषाढ

प्रिय लेकी,

सलाम.

तुझं पत्र पोचलं. पन्हाळ्याकडच्या गावात ख्रिस्ती प्रचारिका म्हणून जायचं नक्की झालं, वाचून बरं वाटलं. पत्रकं किती न्यावीत, शब्बाथशाळा, म्हणजे मुलांचा बायबलचा वर्ग, कुठल्या वारी घ्यावा, असं बरंच विचारलंयस. ते तिथं गेल्यावर तुझं तुलाच कळेल. मला सांगायचंय ते वेगळंच आहे. गावात गेलीस की आधी कुणाकडून तरी काहीतरी मागून घे. पाणी माग, विरजण माग, पाटा-वरवंटा माग. द्यायचं नंतर बघू.

हे मला फार उशिरा उमगलं. चर्चचा पाळक होऊन पहिल्यांदा घर मांडलं तेव्हा शेजारच्या वहिनी सत्यनारायणाचा प्रसाद घेऊन आल्या. मी दारातच हात जोडले आणि म्हणालो, आम्हाला चालत नाही. काही न बोलता त्या परत गेल्या. नाताळात आम्ही करंज्या-चकल्यांचं ताट त्यांच्याकडे पाठवलं, ते संध्याकाळी परत आलं. घासूनपुसून लख्ख आणि रिकामं. आपल्याकडे शेजाऱ्याचं ताट रिकामं परत देत नाहीत, निदान साखरेची चिमूट तरी टाकतात, हे तुला ठाऊक आहे. त्या ताटाकडे बघून माझी बायको म्हणाली, “झाला तुमचा प्रचार.”

बायबलात पौलाने करिंथकरांना लिहिलंय ते मला तेव्हाही पाठ होतं. कुणी जेवायला बोलावलं तर वाढलेलं खा, चौकशा करत बसू नका. पण हे मूर्तीपुढचं आहे असं कुणी सांगितलं तर खाऊ नका. म्हणजे माझं चुकलं ते न खाण्यात नव्हे, दार लावण्यात. वर्षभराने धीर करून मी वहिनींना सगळं मोकळेपणाने सांगितलं. त्या म्हणाल्या, “मग आदी सांगायचं न्हाई व्हय? निवद दाखवायच्या आदी तुमची वाटी बाजूला काढीन की.” तेव्हापासून आजवर शिऱ्याची वाटी येते. काही चर्चमंडळ्यांत यालाही नाकं मुरडतात. मुरडू देत.

आपल्या कामाची इथली सुरुवात तू शिकली आहेसच. रॉयल वायल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ साली कोल्हापुरात आले आणि त्यांनी शाळा काढल्या. त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ साली इथंच जन्मला. अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांना परदेशी मिशनकार्याकडे वळवणारी मोठी चळवळ उभी करणाऱ्यांत पुढे तो होता. मिरजेत डॉक्टर वॉनलेस यांनी १८९४ साली हॉस्पिटल उघडलं. तिथून बरे होऊन किती माणसं आपापल्या देवांना नवस फेडायला गेली असतील! तरी हॉस्पिटल चालतच राहिलं, ही मला त्यातली सगळ्यांत ख्रिस्ती गोष्ट वाटते. या लोकांचं ऋण मी मानतो. पण त्यांनी एक गोष्ट बांधली ती मला खटकते: मिशन कंपाउंड. ख्रिस्ती झाला म्हणून घरच्यांनी हाकललेल्या माणसाला छप्पर हवं होतं, हे खरं. पण भिंतीआड शाळा आपली, दवाखाना आपला, विहीरही आपली. शेजाऱ्याकडे मागायला जायची वेळच येईना. आपले हात कायम वर, त्यांचे कायम खाली.

आता कोल्हापूरचीच दुसरी गोष्ट बघ. पाण्याला शिवला म्हणून गंगाराम कांबळे यांना मारहाण झाली. शाहू महाराजांनी त्यांना चहाचं हॉटेल काढायला मदत केली. पैसे देऊन महाराज थांबले असते तर तो नुसता दानधर्म झाला असता. पण ते तिथं जाऊन गंगारामांच्या हातचा चहा प्यायचे, आणि बरोबरच्या बड्या मंडळींनाही प्यायला लावायचे. योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय काढ. यहुदी ज्यांना दूर ठेवत त्या शोमरोनी लोकांतल्या बाईशी, विहिरीवर, प्रभूचं पहिलं वाक्य काय आहे? मला प्यायला पाणी दे. गंगारामांचं हॉटेल होतं त्या भाऊसिंगजी रोडवरून जाताना मला दर वेळी ती विहीर आठवते.

घेणं म्हणजे काय ते मला २०१९ च्या महापुराने पुरतं शिकवलं. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, आणि पाणी गेलं ५५ फुटांच्या वर. आमच्या गल्लीतून मला तालमीतल्या एका पोराने पाठुंगळी घेऊन बाहेर काढलं. हाच पोरगा दर वर्षी गणपतीची वर्गणी मागायला यायचा तेव्हा मी त्याला उपदेश पाजत असे. पुढचे चार दिवस मशिदीतून आलेला खिचडीभात खाल्ला. आठवडाभर मी कुणाला काहीच देऊ शकलो नाही. आता मंडळाच्या रक्तदान शिबिराला पैसे देतो, पोरगाही आरतीची पावती फाडत नाही.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. घटनेच्या २५ व्या कलमाने आपला धर्म पाळायची आणि त्याचा प्रसार करायची मोकळीक दिली आहे. पण दुसऱ्याचं धर्मांतर घडवणं हा त्या हक्काचा भाग नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली सांगितलंय. कुणी बाप्तिस्म्याचं विचारलं तर घाई करू नकोस. माणूस अनुसूचित जातीतला असेल तर १९५० च्या आदेशामुळे ख्रिस्ती झाल्यावर तो दर्जा जातो, पोरांच्या सवलती जातात. हे त्याला आधी तुझ्या तोंडून कळू दे. आजाऱ्यासाठी प्रार्थना कर, पण त्याला विचारून. आणि मधुमेहाच्या गोळ्या बंद करा असं चुकूनही म्हणू नकोस.

“तुम्ही आधीचे कोण?” असं म्हणत जात विचारतीलच. चिडू नकोस. सोयरीक जुळवताना आपल्या मंडळीतही हेच हळूच विचारतात, तेव्हा आपल्याला राग येत नाही.

एक मात्र कर, ती उपासनेतली भाषा उपासनेतच ठेव. ‘प्रभूने माझ्या जीवनात कार्य केले’ असं ऊस तोडणाऱ्या बाईला सांगितलंस तर ती विचारेल, कसलं कार्य, लग्नाचं का बारशाचं? ख्रिस्ती झालेले कवी नारायण वामन टिळक झांजा-चिपळ्या घेऊन कीर्तनाला उभे राहत, आणि तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं म्हणत. तुझ्या आजीच्या ओव्या तुला येतात ना? त्या चालीवर म्हण.

निघण्याआधी एकदा घरी ये. श्रावणात वहिनींकडे पूजा आहे. तुझ्याबद्दल त्यांना सांगून ठेवलंय, या वेळी दोन वाट्या बाजूला काढणार आहेत.

तुझा,
पाळककाका