वाचकांचे प्रश्न : चौकशीला बसताना

प्रश्न : युनिटच्या डिझेलमध्ये तूट निघाली आहे. त्यासाठीच्या कोर्ट ऑफ इन्क्वायरीवर (लष्करी चौकशी मंडळावर) मला प्रिसायडिंग ऑफिसर, म्हणजे प्रमुख, नेमलंय. माझी पहिलीच वेळ. अशा इन्क्वायऱ्या वरून परत येतात, असं सगळे सांगतात. त्या कुठे चुकतात?
– एक मेजर, कुलाबा

उत्तर : चुकतात त्या बहुतेक आर्मी रूल्स १९५४ मधल्या नियम १८० वर. पण तिथे यायच्या आधी कन्व्हिनिंग ऑर्डर, म्हणजे चौकशी नेमण्याचा आदेश, दोनदा वाचा. तूट किती, कशामुळे आणि जबाबदार कोण, यांपैकी तुम्हाला नेमकं काय विचारलंय? 'कोण' विचारलंच नसेल तर त्यावर मत देऊ नका. गरज वाटली तर ऑर्डर दुरुस्त करून मागा.

पहिल्या दिवशी साक्षीदार नकोत, कागद हवेत. लेजर, इश्यू व्हाउचर (डिझेल दिल्याच्या पावत्या), गाड्यांच्या कार डायऱ्या (रोजच्या वापराच्या नोंदवह्या), टँकरची चलनं, टाकीच्या डिपच्या (पट्टी बुडवून मोजलेल्या पातळीच्या) नोंदी, सगळं मूळ प्रतीत ताब्यात घ्या. झेरॉक्सवर खाडाखोड दिसत नाही. मग तापमानाकडे वळा. डिझेल दर अंश सेल्सिअसला साधारण ०.०८ टक्के फुगतं. टँकरमध्ये ३८ अंशांना मोजलेलं १०,००० लिटर जमिनीखालच्या टाकीत २८ अंशांवर आलं, की सुमारे ८० लिटर कमी भरतं. चोरी मात्र थेंबाचीही झालेली नसते. त्यामुळे दोन्ही आकडे १५ अंशांच्या प्रमाण तापमानावर आणा आणि मगच वजाबाकी करा. त्यानंतरही तूट उरली तर व्हाउचर आणि कार डायरी शेजारी शेजारी ठेवा. जी गाडी त्या तारखेला वर्कशॉपमध्ये उभी होती, तिच्या नावावर डिझेल निघालंय का, हे तासाभरात कळतं.

आता नियम १८०. चौकशीत एखाद्याच्या चारित्र्याला किंवा लष्करी लौकिकाला धक्का लागण्याची शक्यता दिसली, की त्याला चौकशीभर हजर राहण्याची, स्वतःचं म्हणणं मांडण्याची, साक्षीदारांची उलटतपासणी घेण्याची आणि स्वतःचे साक्षीदार आणण्याची पूर्ण संधी द्यावी लागते. चूक नेहमी एकाच पद्धतीने होते. स्टोअरचा एनसीओ (हवालदार-नायक दर्जाचा जवान) 'साक्षीदार क्रमांक ४' म्हणून येतो, जबानी देऊन जातो आणि शेवटच्या पानावर ठपका त्याच्यावरच येतो. तोपर्यंत इतर साक्षीदार काय बोलले, हे त्याच्या कानावरही गेलेलं नसतं. म्हणून नाव पुढे आल्या क्षणी कामकाज थांबवा. नियम १८० लागू झाल्याची नोंद तारीख-वेळेसह करा आणि त्यावर त्याची सही घ्या. आधीच्या जबान्या त्याला वाचून दाखवा, ते साक्षीदार पुन्हा बोलवा. 'मला काही विचारायचं नाही' असं तो म्हणाला तर तेही लिहून त्याखाली सही घ्या. यात दोन दिवस जादा जातात. पण आर्म्ड फोर्सेस ट्रायब्युनलसमोर (सैन्यदलांच्या न्यायाधिकरणासमोर) फाइल टिकते ती याच दोन दिवसांमुळे.

जबानी साक्षीदाराच्या शब्दांत, 'मी' लावून लिहा, तुमच्या शब्दांत नको. त्याला समजेल त्या भाषेत वाचून दाखवा. निष्कर्षाच्या प्रत्येक वाक्यापुढे साक्षीदाराचा किंवा पुराव्याचा क्रमांक टाका. ज्या वाक्यापुढे क्रमांक टाकता येत नाही, ते खोडा. शिक्षा सुचवू नका, ते तुमचं काम नाही. शिवाय नियम १८२ नुसार तुमच्यासमोर दिलेली कबुली पुढे कोर्ट मार्शलमध्ये त्या माणसाविरुद्ध वापरताच येत नाही. नियम २२ खाली सीओंसमोर (युनिटच्या कमांडिंग ऑफिसरसमोर) आरोपाची सुनावणी, मग नियम २३ ची समरी ऑफ एव्हिडन्स (साक्षींची लेखी नोंद), असं सगळं नव्याने करावं लागतं. त्यामुळे कबुली मिळवण्यात दिवस घालवू नका, कागद पक्का करा. तूट अधिकाऱ्यांना पहिल्यांदा कधी कळली, ती तारीखही ठळक नोंदवा. आर्मी ॲक्टच्या कलम १२२ मधली कोर्ट मार्शलसाठीची तीन वर्षांची मुदत मोजताना वाद त्याच तारखेवरून होतो.

प्रश्न : मुलगा शिपाई आहे. वरिष्ठ मुद्दाम रजा नाकारतात, सगळ्यांसमोर अपमान करतात. निनावी पत्र थेट मंत्रालयात पाठवावं का? नाहीतर मुंबईच्या ट्रायब्युनलमध्ये जावं?
– एक वडील, डोंबिवली

उत्तर : काका, निनावी पत्र नको, ते बहुधा फाइलबंदच होतं. तक्रार मुलाने स्वतःच्या सहीने करायची. आर्मी ॲक्टच्या कलम २६ प्रमाणे ती त्याच्या कंपनी कमांडरकडे जाते. कंपनी कमांडरविरुद्धच असेल तर त्यांच्या लगेच वरच्या अधिकाऱ्याकडे. तक्रार हाती आली की शक्य तितकी पूर्ण चौकशी करणं हे त्या अधिकाऱ्याचं कायदेशीर कर्तव्य आहे. एका अर्जात एकच विषय लिहा. रजेचा अर्ज कधी दिला, नकार कोणी आणि कोणत्या शब्दांत दिला, तेव्हा समोर कोण होतं, एवढं पुरे. 'नेहमी त्रास देतात' या वाक्यावर कोणी चौकशी करू शकत नाही. पाच जणांनी मिळून सह्या करू नका. तो शिस्तभंग ठरू शकतो. आणि भर घालून काही लिहू नका. जाणूनबुजून खोटा आरोप केल्यास कलम ५६ खाली पाच वर्षांपर्यंत कैद आहे.

ट्रायब्युनलचं म्हणाल तर त्याच्या २००७ च्या कायद्याने रजा आणि बदली हे दोन्ही विषय त्याच्या कक्षेबाहेर ठेवलेत, त्यामुळे फक्त रजेसाठी तिथे जाता येणार नाही. पगार, बढती, पेन्शन यांच्या तक्रारी तिथे चालतात. पण आधी खात्यात अर्ज करून त्याचा निकाल लागलेला हवा, किंवा निकालाविना सहा महिने उलटलेले हवेत.

प्रश्न : अमेरिकेच्या सैन्यात तक्रारींसाठी 'इन्स्पेक्टर जनरल' असतो. आपल्याकडे तसं पद आहे का?
– कायद्याची विद्यार्थिनी, चर्चगेट

उत्तर : हुबेहूब तसं नाही. तिथलं हे पद १७७८ मध्ये फॉन श्टॉयबेन या प्रशियन अधिकाऱ्यापासून रुजलं. आज तिथला सैनिक १५५९ क्रमांकाचा फॉर्म भरून तक्रार देतो. इन्स्पेक्टर जनरल चौकशी करून निष्कर्ष आपल्या कमांडरला कळवतो, शिक्षा देत नाही. तक्रार केली म्हणून सैनिकावर सूड उगवायला तिथे कायद्याने वेगळी बंदी आहे. आपल्याकडे चौकशी कमांडच्या साखळीतूनच होते. २०१९ मध्ये लष्करप्रमुखांच्या थेट अखत्यारीत तिन्ही दलांच्या प्रतिनिधित्वाचा दक्षता विभाग मंजूर झाला, पण एखाद्या शिपायाच्या रजेची तक्रार पहिल्यांदा जाते ती त्याच्या कंपनी कमांडरच्या टेबलावरच.